डाईंगच्या खालचं पाणी

"तुझे किडे आधी माझ्या फ्रिजमधून काढ, मग मला पर्यावरण शिकव!" आई ताईला म्हणाली आणि फ्रिजचं दार असं आपटलं की आतली अंडी खडखडली. ताई म्हणाली, "किडे नाहीत गं ते, सॅम्पल आहे." "मग सॅम्पल काढ." "दुपारपर्यंत राहू दे ना. लॅबची गाडी येणारे न्यायला. बाहेर ठेवलं तर मरतील." "मरू देत की! इथं माणसं खोकून खोकून मरायला टेकलीत, त्यांच्यासाठी कुणी गाडी पाठवलेली बघितली नाही मी." मी मोरीच्या दारात दात घासत उभा होतो. तोंडात फेस होता म्हणून गप्प, नाहीतर मीपण एखादं वाक्य सोडलंच असतं. आमच्या घरात भांडण चालू असताना गप्प बसणारा माणूस आजारी आहे असं समजतात. "आणि बरणी माझी आहे," आई म्हणाली. "साखरेची. काल रात्रीपासून शोधतेय मी. माझ्या बरणीत गटारातल्या अळ्या, त्यापण दुधाला खेटून. एवढ्यासाठी शिकलीस का गं बाई?" तेवढ्यात ताईचा फोन वाजला, तिच्या ऑफिसचे सर होते, ती "हो सर, हो सर, दोन्ही पॉइंटचं घेतलंय" असं म्हणत आतल्या खोलीत गेली. तिचा सरांशी बोलायचा आवाज वेगळा आहे. इस्त्री केलेला.

त्याआधी, सकाळी उठल्या उठल्या पाणी प्यायला फ्रिज उघडला तेव्हा मला ती बरणी पहिल्यांदा नीट दिसली. म्हणजे काल मीच तर ताईबरोबर नाल्यात उतरलो होतो, जाळी मीच धरली होती, पण तिथं त्या अळ्या म्हणजे नुसती घाण वाटली होती. फ्रिजमधल्या दिव्यात तसं नव्हतं. एका बाजूला दूध, दुसऱ्या बाजूला अंडी आणि मध्ये आमचा नाला, आईच्या लाल झाकणाच्या बरणीत, आणि त्यात त्या लालभडक बारीक अळ्या हळूहळू आकडे टाकत होत्या. वळत होत्या, सरळ होत होत्या, परत वळत होत्या. घाई नाही, काही नाही. मी फ्रिजचं दार धरून तसाच थांबलो. भीती नव्हती ती. वर्गात मागच्या बाकावर बसल्यावर समोरच्यानं एकदम वळून तोंडाकडे बघावं, तसं वाटलं. माझ्या मागून बाबा आले, डबा घ्यायला. ते पण वाकून बघत राहिले. डबा हातात, कपडे घातलेले, शिफ्टला उशीर होत होता, तरी बघत राहिले. "जिवंत आहेत रे अजून," ते म्हणाले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी ताईला विचारलं, "या लाल कशानं झाल्या? आम्ही तर गेल्या आठवड्यात निळाच चालवलाय." ताई आतून म्हणाली, "रंगानं नाही बाबा. त्यांचं रक्तच तसं असतं. जिथं श्वास घ्यायला फारसं काही उरलेलं नसतं तिथं त्या तशा रक्तावर जगतात." बाबा "हं" म्हणाले. मग खोकले. मग गेले.

बाबा डाईंगमध्ये आहेत. मोठमोठ्या टाक्यांत सूत रंगवतात, धुतात, वाळवतात, आणि धुतलेलं पाणी मागच्या दाराच्या पाइपातून नाल्यात सोडतात. तो मागचा व्हॉल्व्ह बाबांच्याच हातात असतो. मी लहान होतो तेव्हा ताई आणि मी पुलावर उभं राहून पाण्याच्या रंगावर पैज लावायचो. हिरवं आलं तर ती जिंकली, लाल आलं तर मी. काळं आलं की दोघंही हरलो, कारण काळा रंग सुटता सुटत नाही, पाच-पाच वेळा धुवावा लागतो, म्हणजे बाबा उशिरा येणार आणि आल्यावर कुणाशी बोलणार नाहीत. नाला बघून आम्हाला घरातलं हवामान कळायचं. बाबांची नखं कधीच नखांच्या रंगाची नसायची. माझ्या वर्गातल्या एका पोरानं त्यावरून मला चिडवलं तेव्हा मी त्याचा दात पाडला होता, पण खरं सांगायचं तर मला ती नखं आवडायची. बाबा झोपले की मी त्यांच्या हातावरून ओळखायचो की आज दिवसभर काय चाललं होतं. ताई तेव्हाच कधीतरी पुलावर पैज लावायची थांबली आणि नुसतीच बघायला लागली. तिनं एकदा विचारलं, "पुलाच्या वरच्या अंगाला बेडूक ओरडतात आणि खालच्या अंगाला एकही नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का?" मी म्हटलं, बेडकांना डोकं आहे, म्हणून. ती हसली नाही. नंतर ती शिकत गेली, शिकत गेली, आणि आता तिच्या ऑफिसचं कामच ते आहे. मोजायचं.

काय मोजतात ते मला परवा कळलं. एक मोठी कंपनी आहे, चादरी, टॉवेल, पडदे विकते. त्या कंपनीला जाणून घ्यायचंय की आपल्यामुळे हवेचं, पाण्याचं, झाडांचं, पाखरांचं, किड्यामुंग्यांचं सगळं मिळून किती वाटोळं होतं. नुसतं स्वतःच्या दुकानात नाही, तर मागे मागे जात कापसाच्या शेतापर्यंत, आणि पुढे लोक ते टॉवेल फेकून देतात तिथपर्यंत. ताईनं जेवणाच्या टेबलावर मांडून दाखवलं. कप म्हणजे दुकान. त्याच्यामागे चमचा, तो शिलाईवाला. मिठाची बाटली म्हणजे विणणारा. मग काडेपेटी. "आणि हे डाईंग," ती म्हणाली. काडेपेटीच्या मागे सूत, सुताच्या मागे कापूस, कापूस म्हणून तिनं खरंच कापसाचा बोळा ठेवला होता. आई म्हणाली, "सगळा पसारा परत जागेवर कोण ठेवणार?" बाबा मात्र काडेपेटीकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "आणि मोजून झाल्यावर काय करणार?" "जिथं जास्त नुकसान होतंय तिथं कमी करणार." "कसं?" "म्हणजे मालकाशी बोलतील. पाणी शुद्ध करायचा प्लँट लाव म्हणतील." "मालक म्हणेल परवडत नाही." बाबांनी काडेपेटी उचलली, खिशात घातली आणि विडी ओढायला गॅलरीत गेले. टेबलावर मिठाची बाटली आणि सूत यांच्यामध्ये एक मोकळी जागा राहिली. ताईनं ती बघितली. मीपण बघितली. मग तिनं फळीवरून दुसरी काडेपेटी घेतली आणि तिथं ठेवली. रागानं नाही, काही नाही. एक डाईंग गेलं की कंपनी दुसरं बघते, जसं चालतं तसं दाखवायला.

हे माझ्या डोक्यात गेलं. कारण मला ती मोकळी जागा माहितीये. मी शाळा सोडली असं सगळे म्हणतात, पण मी सोडली वगैरे नाही. शाळेत वरून कुणीतरी तपासणीला येणार होतं, आणि आमच्या वर्गशिक्षकांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, म्हणजे खांद्यावर हात ठेवून बोलला. म्हणाला, "तुझ्यामुळे सगळ्या वर्गाची सरासरी खाली येते रे. परीक्षेच्या दिवशी तू घरीच थांब. आजारी आहे असं लिही." मी थांबलो घरी. वर्ग छान निघाला म्हणे. शिक्षकांचं कौतुक झालं. मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो तर माझ्या बाकावर नकाशांच्या गुंडाळ्या ठेवलेल्या होत्या. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. जागा मोकळी दिसली, ठेवल्या. मी त्या उचलून खाली ठेवू शकलो असतो. नाही ठेवल्या. तेव्हापासून मी टायरच्या दुकानात, मग छापखान्यात, मग घरात, असा फिरतोय. आई मला भोवरा म्हणते. भोवरा फिरतो तोपर्यंत उभा असतो, हे तिला माहीत नसावं.

काल डाईंगला सुट्टी होती. म्हणजे नेहमीची सुट्टी नव्हती, मालकानं दिली होती. मोजणारे येणार हे त्याला आधीच कळलं होतं. त्यानं सकाळी टँकरनं नाला धुऊन काढला. नाला धुतला! डाईंगचा फोरमन काठावर उभा होता. त्याला आम्ही घडी म्हणतो, कारण त्याच्या शर्टाची घडी कधी मोडत नाही. घडी हात पसरून म्हणाला, "बघा मॅडम, पाणी कसं आरसा आहे!" ताईला तो लहानपणापासून ओळखतो, तिला चिमणी म्हणायचा, पण काल मॅडम. ताईनं पाण्यात तिची ती यंत्राची काडी बुडवली, आकडे खरंच चांगले आले. घडी खूश. मग ताई म्हणाली, "आता तळ बघू." मी जाळी धरली, ती पुढे उभी राहून पायानं दगड ढवळायला लागली, आणि वाहून आलेलं सगळं आम्ही पांढऱ्या तबकात ओतलं. पुलाच्या वरच्या अंगाचं आधीच ओतलं होतं. त्यात चपटे, दगडाला चिकटणारे, तीन शेपट्यांचे, काड्यांची पिशवी करून आत बसलेले, गोगलगाई, एक नखाएवढा खेकडा, असे सतरा तऱ्हेचे जीव. खालच्या तबकात फक्त लाल अळ्या. पण ढीगभर. तबक नुसतं वळवळत होतं. घडीनं मान पुढे काढली आणि मनापासून आनंदानं म्हणाला, "अरे वा! आमच्याकडे तर वरच्यापेक्षा जास्त आहेत की जीव!" ताई त्याच्याकडे बघून म्हणाली, "हो काका. भरपूर आहेत." तिचा आवाज इतका थकलेला होता की मला हसायला आलं होतं ते गेलं. परत येताना तिनं मला सांगितलं, पाणी फक्त आजचं बोलतं. तळ मागचे कित्येक महिने बोलतो. पाण्याला सुट्टी देता येते, तळाला देता येत नाही. मी म्हटलं, मग झालं की, पकडलं मालकाला. ती म्हणाली, "मालकाला?" आणि झपझप पुढे चालायला लागली.

ऑफिसच्या दोन बाटल्या आम्ही काठावर नेल्या होत्या. वरच्या पाण्याची पांढऱ्या झाकणाची, ती नीट होती. खालची दगडावर पडली आणि तडकली, म्हणून अळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घरी आल्या, आणि ताईनं ओट्यावरची पहिली सापडेल ती बरणी घेतली. साखर एका पातेल्यात ओतली, बरणीत नाला. आई तेव्हा शेजारी गेली होती. मी विचारलं होतं, "आईची आहे, मारेल." ताई म्हणाली, "दुसरं काही नाहीये."

तर आज सकाळी ताई आत फोनवर होती आणि मी तोंड धुऊन टॉवेल शोधत होतो, तेव्हा आई फ्रिजपाशी गेली. मला वाटलं अंडी काढतेय. तिनं लाल झाकणाची बरणी काढली. झाकण उघडलं. आत बघितलं नाही, तोंड जरा बाजूला करून, औषध पाजताना पोरं करतात तसं, बरणी मोरीत उपडी केली. वरून नळ सोडला. मग साबण. मग परत साबण. आई भांडी भराभर घासते, तिच्या हाताखालून ताट कसं निघतं कळत नाही, पण ही बरणी तिनं आतून, बाहेरून, काठावरून, झाकणाच्या आट्यांमधून बोट फिरवून फिरवून घासली. मग फडक्यानं पुसली आणि खिडकीत उपडी ठेवली. मी ओरडायला हवं होतं. मी ओरडणाराच आहे. पण तिची पाठ बघून नाही ओरडलो. मोरीच्या जाळीवर एकच लाल अळी अडकली होती, आकडा टाकत होती. आईनं पाण्याचा हात मारला, ती पण गेली.

ताई बाहेर आली. फ्रिज उघडला. मग खिडकीकडे बघितलं. बरणी उन्हात इतकी स्वच्छ चमकत होती की जाहिरातीत शोभली असती. मला वाटलं, आता भांडण पेटणार. मी तर भिंतीला टेकून जागा करून दिली दोघींना. पण ताई टेबलाशी बसली. माझी नजर वाईट आहे, नको ते दिसतं मला. मला दिसलं की तिचे खांदे खाली आले. दिवसभर पिशवी वाहून कुणीतरी ती खाली ठेवावी, तसे. ती म्हणाली, "राहू दे." आई पाठमोरीच म्हणाली, "चहा ठेवू का?" "ठेव." मी म्हटलं, "राहू दे म्हणजे? दुपारी गाडीत काय ठेवणार?" "वरचं देईन." "आणि खालचं?" "खालच्या जागी सरासरी टाकतात. सॅम्पल मिळालं नाही, सप्लायरनं माहिती दिली नाही, की तेच करतात. सगळीकडे करतात." "कसली सरासरी?" "जगातल्या असल्या सगळ्या डाईंगची मिळून. ठीकठाक असते. फार वाईट नाही, फार चांगली नाही. कुणी काही विचारत नाही." ती हे मला नाही, टेबलाला सांगत होती. मी म्हटलं, "पण तू तर तबकात बघितलंस." "बघितलं." "मग?" "भोवऱ्या, ओरडू नकोस." "मी ओरडत नाहीये! तू मुद्दाम फेकलंस," हे मी आईला म्हणालो. आई वळली. तिचे हात साबणानं पांढरे पडले होते. "हो, मुद्दाम फेकलं," ती म्हणाली. "पुढं? तुझा बाप या वयात, हा खोकला घेऊन, दुसरीकडे कुणाच्या दारात उभा राहणार? तू सांभाळणारेस घर? दोन महिने एका जागी टिकत नाहीस तू." खरं होतं. खरं बोलणाऱ्या माणसाचा मला जास्त राग येतो. मी ताईची पिशवी लाथेनं उडवली.

पिशवी पडली आणि तिच्यातून एक बाटली घरंगळत आली. ऑफिसची. पांढऱ्या झाकणाची, कोरी, अजून कागदाची पट्टी तोडलेली नाही अशी. ती टेबलाच्या पायाला लागून थांबली. चहाचं पाणी उकळल्याचा आवाज येत होता. मी बाटली उचलली. "दुसरं काही नाहीये म्हणालीस," मी म्हटलं. "ही होती काल. होती ना? तरी तू आईच्या बरणीत भरलंस. आईच्या फ्रिजमध्ये, आईला दिसेल असं, दुधाला खेटून." आई ताईकडे बघायला लागली. आईला पण तेव्हाच कळलं, मला तिच्या तोंडावर दिसलं. ताई म्हणाली, "मला माझ्या हातानं फेकता आलं नसतं." एवढंच. मग ती रडेल असं वाटलं, पण नाही रडली. जांभई आली तिला. तिला खरंच जांभई आली, आणि तिनं हातानं तोंड झाकलं. आईनं गॅस बंद केला, चहा न घालताच.

मला त्या नाल्याचं काही पडलेलं नाही. बेडूक असले काय आणि नसले काय. बाबांचं काम गेलं तर पहिला माझ्याच गळ्याला फास लागणार आहे, हे मला बिनशाळेचं कळतं. पण त्या अळ्या तिथं आहेत. त्या पाण्यात दुसरं कुणी टिकलं नाही, त्या टिकल्या, रक्त लाल करून घेतलं आणि टिकल्या, आणि आता कुणीतरी लांबच्या ऑफिसात बसून लिहिणार की तिथं काहीतरी ठीकठाक असावं. बाबा इतकी वर्षं त्या वाफेत उभे आहेत, तेही ठीकठाक. आम्ही सगळेच घरी थांबलेलो, आजारी आहोत असं लिहून. वर्ग छान निघणार. टेबलावर काडेपेटीच्या जागी मोकळी जागाही राहणार नाही, आधीच भरलेली असणार. मी ती कोरी बाटली खिशात घातली आणि मोरीतून जाळी घेतली. ती अजून ओली होती. ताई म्हणाली, "आज सुट्टी नाहीये. बाबा मागच्या दाराशी असतील." "माहितीये." "त्यांना काय सांगणारेस?" "माहीत नाही." "भोवऱ्या, आणून काय होणारे? मी सरासरीच टाकली तर?" मी म्हटलं, "टाक ना. मी कोण अडवणारा? पण अळ्यांकडे बघून टाक. तबक समोर ठेवून टाक." आई म्हणाली, "त्या नाल्यात उतरलास तर या घरात पाय ठेवायचा नाही." पण ती दारात आडवी आली नाही. ती खिडकीशी गेली आणि उपडी बरणी उचलून तिच्यात पातेल्यातली साखर परत ओतायला लागली. थोडी ओट्यावर सांडली.

पुलावरून इथं दारापर्यंत वास येतोय. आज निळाच चाललाय, गडद. मी काठावरून उतरेन तेव्हा बाबा व्हॉल्व्ह धरून उभे असतील आणि मी गुडघाभर पाण्यात, त्यांच्या पाण्यात, जाळी घेऊन. ते मला बघतील. सकाळी त्या बरणीत बघत होते तसं बघतील की घडीला हाक मारतील, की व्हॉल्व्ह सोडतील माझ्या अंगावर, मला सांगता येत नाही. कदाचित थोडा वेळ बंद करतील. मी चपला घालत होतो तेव्हा ताई टेबलापाशी बसल्या बसल्याच, माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाळीचं तोंड धारेकडे धर. आणि मोठ्या दगडांखालचं घे, वरवरचं नको." तिचा हा आवाज सरांशी बोलायचा नव्हता. पुलावर पैज लावायची तेव्हाचा होता.

गाडी दुपारी येते. मला आता निघायला हवं.